उलटा पेटवलेला सिगार

मामाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरठीला, कारखान्याच्या गेटवर, सकाळच्या पाळीला आत शिरत होतो. आमच्या भागात सासऱ्याला मामाजी म्हणतात, म्हणून इथेही मी तेच म्हणणार. वंदना, म्हणजे माझी बायको, दोन दिवसांपासून वडिलांकडेच होती. ती म्हणाली, "चहा मांड म्हणाले. मी चहा घेऊन आली तं..." मी मोटारसायकल वळवली आणि निघालो. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात त्यांचं गाव गेलं, त्यानंतर मिळालेल्या पुनर्वसनाच्या वस्तीत, एकसारख्या घरांच्या रांगेत त्यांचं घर. पोहोचलो तेव्हा ते खाटेवर होते, अंगावर धुतलेला पांढरा सदरा, आणि खाटेखाली ती कपबशी तशीच झाकून ठेवलेली. चार माणसांनी त्यांना उचललं तेव्हा सदऱ्याच्या खिशातून काडीपेटी खाली पडली. जवळजवळ तीस वर्षं ज्या माणसाने बिडी ओढली नव्हती, त्याच्या खिशात भरलेली काडीपेटी. वंदनाने ती उचलली, पदराने पुसली आणि पुन्हा त्यांच्या खिशात ठेवली.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. ओळखीचे लोक म्हणतात, तुम्ही एवढे त्यांच्याजवळचे, काहीतरी लिहा. सुखदेव गजभिये हे नाव पेपरात छापून यावं असं त्यांनी जन्मात काही केलं नाही, असं कोणी म्हणेल. ते बिडी कारखान्यात चेकर होते. सभा गाजवली नाही, निवडणूक लढवली नाही. पण मी त्यांच्याबद्दल एक गोष्ट वीस वर्षं पोटात ठेवून बसलो आहे, आणि ती सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल काहीही लिहिणं म्हणजे भाताशिवाय पंगत. अडचण एवढीच होती की ती गोष्ट सांगितली तर एका जिवंत माणसाची मान खाली जाणार होती. तो माणूस म्हणजे माझे वडील. ऐंशी पार केलेले, रोज सकाळी चष्मा लावून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. तेव्हा हा लेख लिहायचा तर आधी त्यांची परवानगी घेणं भाग होतं. ती कशी मिळाली ते शेवटी सांगतो.

आधी चेकर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता ती माणसं उरली नाहीत. बाया घरी तेंदूच्या पानात तंबाखू वळून बिड्या करायच्या, दोऱ्याने बांधायच्या, आणि टोपल्यात भरून कारखान्यात आणायच्या. चेकर त्या पाहायचा. खराब असेल ती छाट, म्हणजे बाद. चेकर या जातीला बाया शिव्या द्यायच्या, कारण बहुतेक चेकर मूठभर बिड्या उचलून बायांच्या डोळ्यांदेखत चुरगाळून टाकायचे आणि दिवसभराचं काम मातीत जायचं. मामाजींनी एकही बिडी चुरगाळली नाही. खराब निघाली तर बाईच्या हातात परत द्यायचे आणि म्हणायचे, "बाई, हे उसवून पुन्हा वळ. पान चांगलं आहे, तुहं ध्यान दुसरीकडं होतं." लग्नाच्या आधी मी एकदा मुद्दाम त्यांचं काम पाहायला गेलो होतो, सासरा कसा आहे ते चोरून पाहून घ्यावं म्हणून. ते डोळे मिटून बसले होते. मूठभर बिड्या कानाजवळ नेऊन बोटांत फिरवायचे, आणि आवाजावरून सैल वळलेल्या तेवढ्या बाजूला काढायचे. एका टोपल्यावर हात थांबला. डोळे न उघडताच म्हणाले, "ह्या यशोदाच्या नाही. यशोदाले ताप आहे काय?" समोर उभी असलेली पोरगी घाबरली. तिच्या आईला खरंच ताप होता आणि बिड्या तिनेच वळल्या होत्या. दोऱ्याच्या गाठीवरून त्यांनी ओळखलं होतं. "चांगल्या वळल्या. गाठ अजून आवळ." एवढंच म्हणून त्यांनी टोपलं पास केलं. मी कारखान्यात मशिनी दुरुस्त करणारा माणूस, माप घेतल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. त्या दिवशी मी तिथून निघालो तो गुपचूप निघालो.

बिडी ओढायचीही त्यांची एक रीत होती. स्वतः सोडून दिली होती, तरी रीत सुटली नव्हती. मामींनी, म्हणजे वंदनाच्या आईने, तीस वर्षं बिड्या वळल्या, तंबाखूची धूळ छातीत घेतली आणि खोकून खोकून गेल्या. त्यांना माती दिली त्या दिवसापासून मामाजींनी बिडी बंद केली. काडीपेटी मात्र खिशात राहिली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी सोडली, जगानं तं नाही सोडली न. कोणी मांगितली तं?" त्यांचं म्हणणं असं की बिडी कोणासमोर ओढावी, कोणासमोर ओढू नये, हे सगळ्यांना माहीत असतं, पण आग कशी द्यावी हे कोणाला येत नाही. काडी ओढली की आधी तिच्या डोक्यावरचं गंधक जळून जाऊ द्यायचं, मग जवळ न्यायची, नाहीतर पहिला झुरका गंधकाचा. दोन्ही हातांचा आडोसा करायचा. समोरच्याची आधी, आपली मागून. ओढून झालेली बिडी पायाखाली रगडायची नाही, बाजूला ठेवून द्यायची, ती आपली आपण विझते. "कोण्या बाईनं बोटं झिजवून वळली असते ते. तिच्यावर पाय कायले द्या?" आणि सगळ्यात मोठा नियम, काडीपेटी फेकून द्यायची नाही. उठायचं, जवळ जायचं, हातात द्यायची. या नियमाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही वंदना घरात नसताना. "माह्या बापाले गावात काडीपेटी मांगावं लागे. देत होते लोकं. पण ओट्यावरून फेकून देत, हातात नाही. बाप खाली वाकून उचले. मी बाजूले उभा राहो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण तसला एक ओटा माझ्या ओळखीचा होता.

माझं गाव साकोलीच्या अलीकडे. तलावाखालची धानाची शेती, घराला मोठा ओटा, आणि त्या ओट्यावर बसणारे माझे बाबूजी. मी लहानपणी तिथून काडीपेटी फेकली जाताना डोळ्यांनी पाहिली आहे. त्यात काही वावगं आहे हे आम्हाला कोणाला वाटत नव्हतं, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी ती पडायची. बाबूजी माणूस वाईट नव्हे. शब्दाचे पक्के, कामाला वाघ. पण मान म्हटला की मग त्यांना काही दिसत नाही. एका लग्नात मठ्ठा इतरांच्या मागून मिळाला म्हणून हात धुऊन पंगतीतून उठलेले मी पाहिले आहेत. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या मागोमाग मी आणि वंदनाने भंडाऱ्याला कोर्टात लग्न केलं. ती बौद्ध घरातली, चेकरची पोरगी. बाबूजी ओट्यावरून एकच वाक्य बोलले, "सरकारनं जिल्हा तोडला अन् यानं घर तोडलं." त्यानंतर ते तीन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मामाजींशी मी कधी त्याबद्दल बोललो तर ते म्हणायचे, "बोलतील. माणूस धानासारखा असते जी, आपल्या दिवसानं पिकते." मला हे ऐकून चीड यायची. मला वाटायचं, या माणसाला राग का येत नाही? पुढे कळलं की येत होता, पण ते तो वाया घालवत नव्हते.

मग मिताली झाली, आमची मुलगी. त्याच दिवसांत कारखान्यात एक नवीन मशीन बसत होतं आणि ते बसवायला परदेशातून एक इंजिनियर आला होता. उंच, लालबुंद, जेवणात मिरची आली की डोळ्यांतून धारा. माझी मुलगी झाल्याचं त्याला कळलं तेव्हा त्याने बॅगेतून दोन सिगार काढले, अंगठ्याएवढे जाड, प्रत्येक वेगळ्या नळीत बंद. त्यांच्याकडे म्हणे मूल झालं की सिगार वाटतात. "एक तुझ्या वडिलांना, एक तुझ्या बायकोच्या वडिलांना. दोन आजोबांनी शेजारी बसून ओढायचा." बिचाऱ्याला काय ठाऊक, की ते दोन आजोबा त्या दिवसापर्यंत एकमेकांसमोर आलेसुद्धा नव्हते. सोबत एक घडीचा कागद होता. त्यावर चित्रं काढून सिगार कसा ओढायचा आणि लोक काय काय चुका करतात ते छापलं होतं. मी ते सगळं घरी आणून कपाटात ठेवलं आणि विसरून जायचं ठरवलं.

पण तिकडे गावी माझ्या आईने उपोषण मांडलं. नातीचं नाव ठेवायच्या दिवशी जायचंच, नाहीतर मी जेवत नाही. दोन दिवसांनी बाबूजींनी निरोप पाठवला, येतो. आदल्या संध्याकाळी मामाजी आमच्या वरठीच्या क्वार्टरवर आले आणि वंदनाने तिच्या मनाने ते सिगार त्यांच्यापुढे ठेवले. मामाजींनी एक नळीतून काढला. नाकाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, कानाजवळ धरून हळूच दाबला, बोटाच्या पेराने वरच्या पानाची शीर चाचपली. मग म्हणाले, "याचं पान गंज दिवस निजलेलं आहे. घाई नाही केली कोणी." गंज म्हणजे पुष्कळ. मी कागद उघडून वाचू लागलो आणि मराठीत सांगू लागलो. बंद टोक कापायचं, तेच तोंडात धरायचं, उघडं टोक पेटवायचं. ते म्हणाले, "हो, बिडीच्या उलटं. बिडीचं दुमडून बंद केलेलं टोक आपण पेटवतो. याचं बंद टोक तोंडाकडं. बिडी ओढणारा इथंच फसते पाहा." काडीचं गंधक जळू द्यायचं, असं लिहिलं होतं. ते हसले. ज्योतीत खुपसायचा नाही, वरून शेकायचा. "भट्टीत बिडी शेकतो तसंच." धूर छातीत ओढायचा नाही. "नाहीच. एवढा जाड धूर छातीत नेला तं माणूस आडवा." राख सारखी झटकायची नाही. रगडून विझवायचा नाही, ठेवून द्यायचा, आपोआप विझतो... इथे मी वाचता वाचता थांबलो आणि त्यांच्याकडे पाहिलं. समुद्रापलीकडच्या श्रीमंत लोकांनी चकचकीत कागदावर छापलेला शहाणपणा वैनगंगेकाठच्या या माणसाने कोणी न शिकवता आयुष्यभर पाळला होता. मला तेव्हा जे वाटलं ते अजून ओसरलेलं नाही.

मी म्हटलं, उद्या बाबूजी आले की त्यांनाही हा कागद वाचून दाखवतो. मामाजींनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि पितळी डब्याखाली सरकवून दिला. "नोको. माह्यासमोर त्याइले कागद वाचून दाखवशील तं ते उठून जातील. आले तेवढं गंज झालं." वंदना म्हणाली, "बाबा, तुम्ही ओढान? आईनंतर तुम्ही कधी..." ते म्हणाले, "तुह्या आईले सांगून आलो मी. एक दिवसाची सुटी मांगितली."

दुसऱ्या दिवशी आई रिक्षातून उतरली ती थेट बाळाकडे गेली. बाबूजी अंगणातल्या खुर्चीवर बसले, टोपी, काठी, चेहऱ्यावर लाकूड. वंदनाने पाणी आणलं. "पिऊन आलो." चहा आणला. "घेऊन आलो." शेजारच्या क्वार्टरमधले दहा-बारा लोक जमले होते, सगळ्यांना आमचं सगळं माहीत होतं आणि सगळे दुसरीकडे पाहात होते. मामाजी समोरच्या खुर्चीवर, खांद्याला त्यांची नेहमीची कापडी पिशवी. दोघांनी एकमेकांना दुरून हात जोडले. मग बोलायला काही उरलं नाही. फाल्गुनातला वारा सुटला होता. ती शांतता मला सहन होईना म्हणून मी आत जाऊन सिगार आणले, इंजिनियरची गोष्ट सांगितली आणि एक एक दोघांच्या हाती दिला. बाबूजींनी तो उलटसुलट पाहिला. नातीच्या नावाची वस्तू, नाही कसं म्हणणार? त्यांनी खिशातून आपली काडीपेटी काढली. इकडे मामाजींनी पिशवीतून पान कापायची त्यांची छोटी कैची काढली होती, बंद टोक कापायला. मी त्यांच्याकडेच पाहात होतो. बंद टोक कैचीच्या दोन पात्यांमध्ये धरलेलंही होतं.

आणि तेवढ्यात त्यांनी मान वर केली. बाबूजींनी सिगारचं उघडं टोक तोंडात धरलं होतं, जन्मभर बिडी धरली तसं. बंद टोकाला काडी लावली होती आणि जीव खाऊन ओढत होते. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, धूर काही येईना. एक काडी, दुसरी, तिसरी. टोक नुसतं करपत होतं. जमलेल्यांत कोणीतरी खाकरलं, आणि ते खाकरणं हसू दाबायचं होतं हे मला कळलं. बाबूजींच्या मानेची शीर ताठ झाली. मला पंगतीतला तो मठ्ठा आठवला. मी मनात म्हटलं, झालं, आता हे उठतील, काठी घेतील आणि परत या जन्मात येणार नाहीत... मामाजींची कैची पिशवीत गेली. कुठे गेली ते कळायच्या आत त्यांनी आपला सिगार फिरवला, उघडं टोक तोंडात धरलं, बंद टोकाला काडी लावली आणि तेही जीव खाऊन ओढू लागले. गाल आत, डोळे बाहेर. ज्या माणसाच्या हाताखालून खोटी बिडी कधी सुटली नाही, तो दहा-बारा लोकांसमोर बसून चुकत होता, आणि असा मन लावून चुकत होता की त्याच्याकडे पाहून लोक मोकळेपणाने हसले. दोन-तीन काड्या जाळल्यावर सिगार तोंडातून काढून ते म्हणाले, "हे तं वढतच नाही जी. मी बिडीचा चेकर, मले समजून नाही राहिलं. तुमचा वढून राहिला काय?"

बाबूजी म्हणाले, "नाही."

बाबूजींनी मामाजींना उद्देशून उच्चारलेला तो पहिला शब्द. मग मामाजींनी सिगार डोळ्यांसमोर धरून खूप विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "आपण उलटं तं नाही पेटवलं?" बाबूजी पुढे झुकले, आपला पाहिला, त्यांचा पाहिला. "तसंच दिसते," म्हणाले, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. कैची पुन्हा निघाली. मामाजींनी बाबूजींचा सिगार मागून घेतला, करपलेलं टोक नीट कापलं आणि दोन्ही हातांनी परत दिला. मग आपला कापला. आता बाबूजींची पेटी संपली होती. मामाजींच्या पेटीत दोनच काड्या उरल्या होत्या. स्वयंपाकघरात ओट्यावर भरलेली पेटी होती, मी ती आणायला उठलो तर वंदनाने माझ्या शर्टाचं टोक धरून मला खाली बसवलं.

मामाजींनी एक काडी ओढली, गंधक जाऊ दिलं, दोन्ही हातांचा आडोसा केला आणि आग बाबूजींसमोर धरली. समोरच्याची आधी. बाबूजी हलले नाहीत. सिगार ओठांत होता, डोळे त्या हातांवर होते, आणि मान पुढे येत नव्हती. ओट्यावरून खाली काडीपेटी फेकल्याची सगळी वर्षं त्या हातांच्या आणि त्यांच्या मध्ये होती. काडी जळत बोटांपर्यंत आली. मामाजींनी ती सोडली नाही, हात हलवला नाही. काडी त्यांच्या बोटांत विझली. मग बाबूजींनी घसा साफ केला. "आधी तुम्ही लावा." मामाजींनी शेवटच्या काडीने आपला सिगार शेकला, पेटवला, छातीत न नेता धूर सोडला. काडी वाऱ्याने विझली. बाबूजींनी खुर्ची उचलली, पुढे सरकवली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि वाकले. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. ते म्हणाले, "इवाई, आग द्या."

सिगारला सिगार लागला. दोन्हीकडून धूर निघाला आणि मला तिथे बसवेना, मी आत जाऊन पाण्याच्या माठाशी उभा राहिलो. थोड्या वेळाने वंदना आली, माठातून पाण्याचा पेला भरला आणि म्हणाली, "तुमच्या बापानं पाणी मांगितलं."

त्यानंतरची वीस वर्षं सांगायची तर त्यात सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच मोठं आहे. मामाजी आमच्या ओट्यावर बसले. बाबूजी पुनर्वसनाच्या वस्तीत जाऊन जेवले. गोष्ट मात्र एकच राहिली. कोणी पाहुणा आला की बाबूजी सुरू व्हायचे, "हे आमचे इवाई. बिडीचे एवढे मोठे चेकर, अन् सिगार उलटा पेटवला! मंग मीनं म्हटलं..." दरवर्षी बाबूजींचा वाटा थोडा सुधारत गेला. शेवटी शेवटी तर कैचीसुद्धा बाबूजींनीच मागितली होती. मामाजी शेजारी बसून हसायचे, मान डोलवायचे, "हो जी, फसलो मी." मला ते ऐकवत नसे. एकदा मामाजींना बसस्टँडवर सोडताना मी म्हटलं, खरं काय ते मी सांगून टाकू का? ते इतक्या कठोर आवाजात माझ्याशी त्याआधी किंवा नंतर कधी बोलले नाहीत. "नाही सांगायचं. हातात दिलेली वस्तू परत मांगतात काय?"

तर ही ती गोष्ट. गेल्या आठवड्यात मी गावी गेलो. बाबूजी ओट्यावर पेपर वाचत होते. आता कानाने कमी ऐकतात, बिडी डॉक्टरने सोडवली. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हटलं, मामाजींवर लिहायचं आहे, त्या सिगारचं लिहायचं आहे, पण जसं झालं तसं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मी अडखळत सांगू लागलो की मामाजींना आदल्या दिवशीच कागद वाचून दाखवला होता, त्यांना ठाऊक होतं... बाबूजींनी हात वर करून मला थांबवलं.

"कैची कायले काढली होती त्यानं? मले दिसली नसन असं वाटते तुले? माहे डोये का बंद होते? माहा सिगार उलटा पाहून त्यानं कैची लपवली अन् आपला फिरवला."

मी म्हटलं, "मंग वीस वर्षं लोकांइले काहून तसं सांगत राहिले?"

त्यांनी बाजूच्या पेपरची घडी घातली. "सांगणं बंद केलं असतं तं त्याले समजलं असतं, का मले समजलं. एवढ्या लोकांत त्यानं माह्यासाठी आपली इज्जत खाली ठेवली. ते उचलून कशी देऊ मी त्याले? त्याले लाज वाटली असती... म्हणून सांगत राहिलो. तोही हसे. मले वाटते, त्यालेही ठाऊक होतं." मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "लिही आता. माहं नाव टाकून लिही."

मी काही बोलणार तेवढ्यात खालून हाक आली. पलीकडच्या वस्तीतला एक माणूस, सायकल टेकवून, ओठांत बिडी धरून उभा होता. "काडीपेटी आहे काय जी?" मला वाटलं, बाबूजी बिडी ओढत नाहीत, यांच्याकडे कुठली पेटी? पण बाबूजींचा हात सदऱ्याच्या खिशात गेला आणि पेटी बाहेर आली. मी द्यायला उठलो. त्यांनी मला बाजूला सारलं. काठी घेतली, एका हाताने भिंत धरली आणि गुडघा दुखत असताना ओट्याच्या चारही पायऱ्या एक एक करून उतरले. त्या माणसासमोर जाऊन उभे राहिले. काठी काखेत धरून काडी ओढली, गंधक जळू दिलं, आणि मग दोन्ही हातांचा आडोसा करून आग त्याच्यासमोर धरली.